टिप आणि विक्री-कमिशन : अमेरिकेतल्या वेटरचा पेरोल टॅक्स

अमेरिकेतल्या रेस्टॉरंटमध्ये वेटरला (तिकडे सर्व्हर म्हणतात) तासाच्या पगाराशिवाय दोन वाटांनी पैसे मिळू शकतात : गिऱ्हाईक खुशीने ठेवतं ती टिप, आणि मालक विक्रीवर देतो ते कमिशन, म्हणजे महागडी वाइनची बाटली खपवली की तिच्या किमतीतले काही टक्के वगैरे. टिपवर टॅक्स नसतोच असं बरेच जण धरून चालतात, ते चूक आहे. फायका हा पेरोल टॅक्स, म्हणजे पगारातून कापला जाणारा टॅक्स (सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शनसाठी ६.२ टक्के अधिक मेडिकेअर म्हणजे म्हातारपणच्या आरोग्य विम्यासाठी १.४५, एकूण ७.६५) दोन्हीवर लागतो आणि तेवढाच हिस्सा मालकालाही भरावा लागतो. फरक पडतो तो पैसे कुणी ठरवले, कधी कळवले आणि मालकाला त्यातलं काय परत मिळतं यात.

टिप सोशल सिक्युरिटीत नेमकी कधी आली याच्या तारखा वेगवेगळ्या सापडतात आणि गंमत म्हणजे सगळ्याच आपापल्या जागी बरोबर आहेत. १९६५ च्या दुरुस्तीने १९६६ पासून फक्त सर्व्हरचा हिस्सा सुरू झाला, मालक मोकळा. १९७७ च्या दुरुस्तीनंतर मालकावर बोजा आला तोही पगारातली किमान वेतनाची तूट भरून काढायला धरलेल्या टिपपुरताच, आणि पूर्ण टिपवर मालकाचा हिस्सा १९८८ पासून. त्यामुळे नुसतं '१९६६ पासून' म्हणणं अर्धवट वाटतं, मालकाचा पूर्ण हिस्सा धरायचा तर १९८८ म्हणायला हवं. मधल्या काळात १९८२ च्या कायद्याने मोठ्या रेस्टॉरंटना कळवलेली टिप विक्रीच्या ८ टक्क्यांपेक्षा कमी निघाली तर फरक कर्मचाऱ्यांच्या नावावर दाखवायला लावलं. पुढे २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिओर द'इटालिया रेस्टॉरंटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला, की क्रेडिट कार्डाच्या स्लिपांवरून सरासरी काढून एकूण टिपचा अंदाज बांधायचा आणि त्यावर मालकाचा हिस्सा लावायचा, हे आयआरएसला (अमेरिकेच्या इन्कम टॅक्स खात्याला) चालतं.

खरी भानगड आहे ती टिप कशाला म्हणायचं इथे. आयआरएसच्या २०१२ च्या निर्णयात (मुळातली भूमिका १९५९ च्या निर्णयातली) चार कसोट्या आहेत : देण्याची सक्ती नको, रक्कम गिऱ्हाईकानेच ठरवलेली हवी, ती वाटाघाटीतून किंवा मालकाच्या नियमातून आलेली नको, आणि पैसे कुणाला द्यायचे हेही साधारणपणे गिऱ्हाईकाच्या हातात हवं. सहा जणांच्या टेबलाला बिलात आपोआप १८ टक्के लागले तर बिलावर 'ग्रॅच्युइटी' छापलेलं असो की आणखी काही, तो सर्व्हिस चार्ज, आणि सर्व्हरला वाटला की साधा पगार. कमिशनही याच रांगेत बसतं. त्यात वाद फारसा नाही, पगाराबरोबर येतं, तिथल्या तिथे कापलं जातं, वेगळा हिशेब केला तर इन्कम टॅक्स सरसकट २२ टक्क्यांनी कापता येतो.

टिपचं तसं नाही. महिन्यात २० डॉलर किंवा जास्त रोख टिप झाली (कार्डावरचीही यातच धरतात) तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मालकाला कळवायची आणि मालक टॅक्स कापतो तो पगारातून. आता पगारच तुटपुंजा. फेडरल कायद्याने टिपवाल्याला तासाला किमान २.१३ डॉलर, १९९१ पासून तेवढेच. समजा आठवड्यात ३० तास काम केलं, पगार ६३.९० झाला आणि टिप ६००. फायका ५०.७९, उरले १३.११, ते इन्कम टॅक्समध्ये जातात आणि चेक येतो शून्याचा, काहींना वाटतं मालकाने बुडवलं. इतकं करूनही टॅक्स पुरा पडला नाही तर उरलेला सर्व्हरने स्वतः भरायचा.

मालकाच्या बाजूने बघितलं तर टिपच परवडते. १९९३ च्या कायद्याने आणलेल्या टॅक्स क्रेडिटमध्ये, पगार तासाला ५.१५ डॉलरपर्यंत न्यायला लागणारी टिप सोडून बाकीच्या टिपवर भरलेला हिस्सा इन्कम टॅक्समधून वजा होतो. वरच्या उदाहरणात ९०.६० (२.१३ वरून ५.१५ ला न्यायचे तासाला ३.०२, असे ३० तास) सोडून ५०९.४० वर, म्हणजे ३८.९७ डॉलर. हेच ६०० कमिशन म्हणून दिले तर एक सेंटही नाही. उलट एक सवलत मात्र कमिशनलाच आहे : कमाईचा अर्ध्याहून जास्त भाग कमिशन असेल आणि तासाचा दर किमान वेतनाच्या दीडपटीपेक्षा वर असेल तर ओव्हरटाइम द्यावा लागत नाही. सक्तीचा सर्व्हिस चार्ज यात कमिशन म्हणून धरता येतो, टिप नाही.

जुलै २०२५ च्या कायद्यातली 'नो टॅक्स ऑन टिप्स' सवलत (वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत, २०२५ ते २०२८) फक्त इन्कम टॅक्सची आहे, फायका तसाच राहतो, आणि सर्व्हिस चार्ज किंवा कमिशनला ती नाहीच.

भारतात गणित वेगळं. हॉटेलं चालवणाऱ्या आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये ठरवलं की कार्डावरून आलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली तरी तो पगार नव्हे, त्यामुळे हॉटेलने पगार समजून त्यावर टीडीएस कापायची गरज नाही. ती कमाई कर्मचाऱ्याने 'इतर उत्पन्न' म्हणून स्वतः दाखवायची.