कोंडा म्हणजे नुसतं भरताड नव्हे

‘दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना कोंडा घातला की हगवण लागते’, हा समज वराहपालनात जुना आहे. तो सरसकट खरा नाही. गव्हाचा जाडसर कोंडा बेताने दिला तर आतड्यात अन्न तुंबत नाही आणि हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूंना चिकटून बसायला वाव कमी मिळतो. कोंड्यासारखाच तंतुमय असलेला साखरबीटाचा चोथा मोठ्या आतड्यात आंबतो. त्यातून बनणारं ब्युटिरेट (एक मेदाम्ल) हे तिथल्या पेशींचं खाद्य. युरोपीय संघात जून २०२२ पासून पिल्लांची हगवण रोखायला खाद्यात मिसळलं जाणारं औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड बंद झालं, तेव्हापासून तर अशा तंतुमय खाद्याला फारच महत्त्व आलंय. प्रमाण सुटलं तर वाढ खुंटते, हेही खरं. पण भ्यायचंच तर बुरशीला भ्या: हाताला ओलसर लागणारा, गाठी झालेला, कुबट कोंडा पिल्लांपुढे टाकूच नका.