देवमासा एवढा मोठा झाला कधी?

बडोद्याच्या कमाटी बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा जो सांगाडा आहे, तो 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या जनावराचा. लांबी सुमारे 22 मीटर. ‘हे तर पिल्लू आहे’ असं तिथे हमखास सांगितलं जातं. हा शब्द मात्र तपासून घ्यायला हवा. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतः साधारण 7 मीटरचं असतं, रोज 90 किलोच्या आसपास वजन धरतं आणि सहा-सात महिन्यांनी, 16 मीटरचं झालं की, आईचं दूध सोडतं. हिंदी महासागराच्या उत्तरेकडच्या निळ्या देवमाशांची वाढ 24 मीटरच्या आसपास थांबते. म्हणजे 22 मीटरचं जनावर दूधपितं नक्कीच नव्हतं. अंटार्क्टिककडच्या 30 मीटरच्या मापाने मोजलं तरच ते लहान.

आकाराचं कारण म्हणून ‘पाणी वजन पेलतं’ एवढंच पुढे केलं जातं. पाणी वजन पेलतं हे खरं, पण कच्छच्या आखातातल्या डुगाँगचंही, म्हणजे समुद्रगायीचंही, ते पेलतं आणि डुगाँग 3 मीटरच्या आसपासच राहतो. पाण्याने आडकाठी केली नाही, एवढंच. मोठं होणं परवडलं ते पोटाच्या हिशोबामुळे. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं, पण ऊर्जेची गरज साधारण पावणेपाचपटच वाढते. किलोमागचा खर्च जवळजवळ 40 टक्क्यांनी उतरतो. उरलेली चरबी महिनोन्‌महिने पुरते आणि लांबचा प्रवास स्वस्त पडतो.

निळ्या देवमाशाच्या जातकुळीत याला जोड मिळाली ती घास घेण्याच्या पद्धतीची. जनावर वेग घेऊन क्रिलच्या, म्हणजे कोळंबीसारख्या बारक्या जीवांच्या, थव्यात घुसतं, जबडा जवळजवळ काटकोनात उघडतो, गळ्याखालच्या चुण्या फुगतात आणि मोठ्या जनावराच्या तोंडात स्वतःच्या वजनाच्या तोडीचं पाणी शिरतं. मग ते पाणी केराटिनच्या (आपली नखं ज्याची असतात त्या द्रव्याच्या) झालरींतून, म्हणजे बलीनमधून, बाहेर ढकललं जातं. जनावर जितकं मोठं, तितका शरीराच्या मानाने घासही मोठा. गोम अशी की थवा विरळ असला तर घासाचा खर्चही निघत नाही. थवा दाट असला तर कमाई भरमसाट: 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार पूर्व प्रशांत महासागरातला निळा देवमासा चरण्याच्या हंगामात दिवसाला सुमारे 16 टन क्रिल खातो. आधीचे अंदाज याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके होते.

आता खरा वादाचा मुद्दा: हे झालं कधी? पुरे सांगाडे क्वचितच सापडतात, म्हणून कवटीची दोन गालफडांमधली रुंदी मोजून लांबी काढतात. 2017 साली 63 नामशेष जातींवर ही रीत वापरली गेली आणि निष्कर्ष निघाला की बलीनवाले देवमासे कोट्यवधी वर्षं 10 मीटरच्या आत होते. महाकाय जाती आल्या त्या गेल्या 45 लाख वर्षांत, मुख्यतः शेवटच्या 30 लाखांत. उत्तर गोलार्धात बर्फाच्या चादरी पसरल्या, किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक पाणी हंगामी वर येऊ लागलं आणि खाद्य सगळीकडे पातळ पसरण्याऐवजी ठिकठिकाणी दाट साचू लागलं. लहान बलीनवाल्या जाती मागे पडल्या. अरबी समुद्रात पावसाळी वाऱ्यांनी ओमान-सोमालियाच्या किनाऱ्याला आजही असंच पाणी वर येतं. आपल्याकडच्या निळ्या देवमाशांना अंटार्क्टिक गाठावं लागत नाही ते यामुळेच.

कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. तारीख तितकी पक्की वाटत नाही. इटलीतल्या मातेराजवळच्या तळ्याकाठी सापडलेला, 15 ते 12.5 लाख वर्षांपूर्वीचा निळा देवमासा 26 मीटरचा निघाला. म्हणजे तोवर वाढ जवळपास पुरी झाली होती. ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी 1921 साली मिळालेला जबड्याचा शेंडा दशकानुदशकं संग्रहात पडून होता. 2023 साली त्याचं माप आलं: सुमारे 9 मीटरचं जनावर, वय 1.6 ते 2.1 कोटी वर्षं. त्या काळाच्या मानाने हे फारच मोठं. उत्तर गोलार्धातल्या जीवाश्मांवर फार भिस्त ठेवली की असं होतं.

त्याच्या मागचा काळ थोडक्यात. कच्छमधल्या हरुडीच्या खडकांत चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे देवमासे मिळतात. त्यांतला कच्छिसीटस त्या युगातल्या लहान जातींपैकी एक. पुढे बॅसिलोसॉरस 15 मीटरच्या वर गेला, पण अंगाने सडपातळ. लांबी जुनी आहे, वजन नवं, असं समीकरण बसत होतं. ते 2023 साली पेरूतल्या पेरुसीटस या तशाच प्राचीन देवमाशाने विस्कटलं. 13 मणके, 4 फासळ्या आणि कटीच्या हाडाचा तुकडा, एवढ्यावरून वजन सांगितलं गेलं 85 ते 340 टन! अंदाज घसरला तो हाडांच्या जडपणामुळे. हाडं नेहमीपेक्षा जाड आणि घट्ट असली की एकूण वजनातला त्यांचा वाटाही मोठा असतो. हलक्या सांगाड्यांचं प्रमाण लावलं तर मांस फुगवून धरल्यासारखं होतं. 2024 सालच्या फेरमोजणीत 17 मीटर लांबी धरून 60 ते 70 टन आणि 20 मीटर धरून 98 ते 114 टन निघाले. इतकं वजनही थोडं नव्हे, आणि ते बलीनशिवायचं आहे.

वरची मर्यादा कुठे, यावर सर्वांत थेट पुरावा हृदयाचा. 2019 साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या निळ्या देवमाशाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या: खोल बुडीत मिनिटाला कमीत कमी 2 ठोके, वर येऊन श्वास घेताना 25 ते 37. एवढ्या थोराड हृदयाला भरून रिकामं व्हायला जो वेळ लागतो, त्या हिशोबाने 37 ही जवळजवळ कमाल गती, म्हणजे आणखी मोठं व्हायला हृदयाकडून फारशी सवड नाही. हा आलेख एकाच जनावराचा आहे.