आयएसवाली लेन्स खरंच कमी शार्प असते का?

टेलीफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स घ्यायला निघालेल्याला एक सल्ला हमखास मिळतो: "आयएसवाली नको घेऊस, साधीच जास्त शार्प असते." आयएस म्हणजे इमेज स्टॅबिलायझेशन, हाताचा कंप सावरणारी यंत्रणा. सल्ला अगदीच बिनबुडाचा नाही. कॅननच्या 1991 च्या साध्या 300 मिमी एफ/4 लेन्समध्ये (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडतं त्याचं माप) 8 भिंगं होती. 1997 मध्ये तिची आयएसवाली बहीण आली, तिच्यात 15. भिंगं वाढली की परावर्तन करणारे पृष्ठभाग वाढतात आणि प्रत्येक भिंग नेमकं अक्षावर बसवायची कटकटही वाढते. त्यातला एक गट तर मुद्दामच सैल. लेन्समधले जायरो सेन्सर हात किती कलला ते मोजतात आणि विद्युतचुंबकं त्या हिशेबाने हा गट आडवा-उभा सरकवतात, म्हणजे प्रतिमा सेन्सरवर जागच्या जागी राहते. पण अक्षावरून सरकलेलं भिंग प्रतिमेच्या कडा किंचित बिघडवू शकतं. ट्रायपॉडवर जुनी साधी 300 थोडी सरस वाटते, असं वापरणारे बरेच जण म्हणतात ते पटण्यासारखं आहे.

हाच नियम कॅननच्या 70-200 एफ/4 ला लावायला जा, तोंडघशी पडाल. 1999 ची साधी, भिंगं 16. 2006 ची आयएसवाली, भिंगं 20. आणि चाचण्यांत वरचढ ठरली ती दुसरी. मधल्या काळात रचनाच नव्याने झाली होती. तेव्हा आयएस आहे की नाही, यापेक्षा लेन्स कोणत्या पिढीची आहे हे आधी विचारावं.

आता लेन्स हातात घ्या. 400 मिमी लेन्स अंशाच्या फक्त दहाव्या भागाने कलली, तरी प्रतिमा सेन्सरवर 0.7 मिलिमीटर सरकते. 24 मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (36 × 24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यात ते सुमारे 116 पिक्सेल झाले! भिंगांच्या दर्जातला फरक एखाद-दोन पिक्सेलचा, त्यावर वाद घालायचा आणि हे विसरायचं? हातात धरून 400 मिमीला शटर निदान 1/400 सेकंद ठेवावं, असा जुना ठोकताळा आहे. चार स्टॉपचं आयएस असेल (एक स्टॉप म्हणजे शटरची वेळ दुप्पट) तर तेच काम 1/25 ला होऊ शकतं.

समोरचं हललं तर मात्र आयएसचा काही उपयोग नाही. भिगवणला उडणारे रोहित (फ्लेमिंगो) टिपताना शटर 1/2000 वर असतं, तिथे हात स्थिर करणारी यंत्रणा निव्वळ ओझं. कॅननची 400 मिमी एफ/5.6 आयएसशिवायच राहिली, भिंगं जेमतेम 7, तरी उडत्या पक्ष्यांसाठी ती वर्षानुवर्षं लाडकी होती. ट्रायपॉडवर जुन्या लेन्सचं आयएस बंदच ठेवावं; कंप नसतानाही ते कधीकधी स्वतःच्याच हालचालीमागे धावत बसतं.

दोन लेन्सची तुलना करायचीच तर लांबच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा. आधी ट्रायपॉड, आयएस बंद, टायमर लावून क्लिक. मग दोन्ही लेन्स हातात धरून, असेल तिथे आयएस सुरू करून, 1/60 ला दहा-दहा फोटो. एकच नशिबाने जमलेली फ्रेम झूम करून निकाल देऊ नका. दहांपैकी कितींमधला बारीक मजकूर वाचता येतो ते मोजा.