काटा, गड आणि शेवटचा भिडू

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर धान्याचं दुकान आहे. तिथला पोती तोलायचा काटा गेल्या वर्षी तीन महिने दर रविवारी सकाळी माणसं तोलत होता. बारा जण, पाचशे-पाचशे रुपये, ९० दिवस. ज्याचं वजन टक्केवारीने सगळ्यात जास्त उतरेल त्याला सगळे सहा हजार. शिवाय रविवारी सगळ्यांनी मिळून साताऱ्याचा अजिंक्यतारा गड चढायचा. कुणीतरी व्हॉट्सॲपवर याला 'चॅलेंज' म्हटलं आणि तेच नाव राहिलं. 'वजनाची पैज' म्हटलं असतं तर बायका आल्या नसत्या, असं काकींचं मत.

पहिल्याच आठवड्यात बापूंचं वजन २.६ किलोने उतरलं. दुकानदार काट्याकडे वाकून बघत म्हणाला, "बापू, काटा बिघडला का काय ओ?"

"काटा बेस हाय. आठ दिस भाकरीचं तोंड बघितलं न्हाई," बापू म्हणाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे टाळ्या वाजवता वाजवता माझं तोंडी गणित सुरू झालं होतं. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरींचा साठा. २.६ किलो चरबी सात दिवसांत संपवायची तर रोज जवळपास २,८६० किलोकॅलरींची तूट हवी. बापूंच्या वयाचा, दुकानात बसून काम करणारा माणूस दिवसभरात एवढं खर्चच करत नाही. म्हणजे आठवडाभर पाण्यावर राहिले असते तरी हा आकडा निव्वळ चरबीचा नसता.

मग काय गेलं? बरंचसं पाणी. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिठूळ साखरेचा साठा असतो, मोठ्या माणसात अंदाजे चारशे-पाचशे ग्रॅम. यातला प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेला असतो. भाकरी, भात, साखर एकदम तोडली की शरीर आधी या साठ्याला हात घालतं. साठा उतरला की त्याने धरलेलं पाणीही लघवीवाटे निघून जातं. एवढ्यानेच दीड-दोन किलोचा फरक पडू शकतो. त्यात लोणचं-पापड बंद झाल्याने मीठ कमी झालं, आतड्यातला ऐवजही कमी झाला. जत्रेचं एक जेवण जेवलं की यातलं बहुतेक दोन दिवसांत घरी परत. बापूंचं तसंच झालं, पण ते पुढे.

आता गडाचा हिशेब. अजिंक्यतारा शहराच्या डोक्यावरच आहे. चढ २५० मीटरचा धरू. ८० किलोचं शरीर २५० मीटर वर उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने लागतात ४७ किलोकॅलरी. एवढ्याच! स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नाही, खाल्लेल्या उर्जेतली वीस-पंचवीस टक्केच कामाला लागते, बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च दोनशेच्या आसपास. आडव्या चालीचे थोडे आणखी धरा. खाली उतरून राजवाड्याकडून येताना ५० ग्रॅम कंदी पेढे तोंडात टाकले की हिशेब फिटला. गड चढू नये असं मी म्हणत नाही. हृदय, फुप्फुस, साखर, झोप, सगळ्याला त्याचा फायदा आहे आणि तो काट्यावर दिसत नाही. पण वजन मुख्यतः ताटात उतरतं, गडावर नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोन दिवस कुणी 'गुड मॉर्निंग'सुद्धा पाठवलं नाही.

चरबी 'जळते' म्हणजे जाते कुठे, हा प्रश्न मात्र सगळ्यांना आवडला. घामातून, असं नऊ जण म्हणाले. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राऊन या दोघांनी याचा रेणूरेणूचा हिशेब मांडला होता. १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. त्यांनी हा प्रश्न डॉक्टरांना आणि व्यायामाच्या शिक्षकांनाही विचारला होता, बहुतेकांचं उत्तर चुकलं. म्हणजे बापूंची ढेरी गेलीच तर यवतेश्वराच्या डोंगराकडून येणाऱ्या वाऱ्यात मिसळून जाणार. यावर "मग नुसता कपालभाती केला तर?" असा प्रश्न आलाच. नाही. जोरजोरात श्वास सोडल्याने जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होत नाही, तो पेशीत इंधन जळल्यावरच होतो. नुसता भाता हलवून उपयोग नाही, भट्टीत कोळसा जळायला हवा.

पहिल्याच सोमवारी तिघांनी जाहीर केलं की त्यांच्या मांड्या धरल्यात आणि ते सोडून देताहेत. हे दुखणं चढल्याचं नसतं, उतरल्याचं असतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाता शरीराला आवर घालतो. या प्रकारच्या कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि जिना उतरताना माणूस कठडा धरतो. गंमत अशी की असा मार एकदा खाल्ला की स्नायू पुढचे काही आठवडे शहाणा राहतो. त्याच उताराने पुढच्या खेपेला निम्मंही दुखत नाही. म्हणून पहिल्या सोमवारी सोडणारा माणूस नेमका चुकीच्या दिवशी सोडतो. तिघांपैकी दोघे टिकले.

आता मूळ मुद्दा. माणसं एकत्र आली की जास्त जोर लावतात की कमी? आपण पटकन म्हणतो, जास्त. फ्रान्समध्ये मॅक्स रिंगेलमान नावाचे एक शेतकी अभियंता होते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ साली आकडे छापले. आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या जेमतेम निम्मा भरला. थोडा दोष ताल न जुळण्याचा, पण सगळा नाही. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून पाहिलं. गटात आहोत असं नुसतं वाटलं तरी माणूस कमी ओरडतो. सार्वजनिक गणपतीचा मांडव ज्याने उभारलाय त्याला याचं नवल वाटणार नाही. वीस जण बांबूला हात लावून उभे असतात, वजन पाच जणांच्या खांद्यावर असतं.

पण १९२०च्या दशकात जर्मनीत ओटो क्योलर यांनी नेमकं उलटं पाहिलं. बर्लिनच्या एका नौकानयन क्लबातल्या गड्यांना त्यांनी वजनाची दांडी उचलायला लावली, आधी एकेकट्याला, मग जोडीने. जोडीच्या दांडीचं वजन असं की एकाने हात टेकले की दुसऱ्याला ती पेलू नये. अशा वेळी जोडीतला कमजोर गडी एकट्याने टिकायचा त्याहून जास्त वेळ टिकला. आणि दोघांच्या ताकदीत फरक मध्यम असला तर सगळ्यात जास्त. जोडीदार फारच बलदंड असला की कमजोर गडी नाद सोडतो, अगदी बरोबरीचा असला तर ओढ राहत नाही.

दोर आणि दांडी यांच्यातला फरक माणसांचा नाही, नियमाचा आहे. सगळ्यांच्या जोराची बेरीज होते तिथे आपला हात सैल पडला तरी चालतो, कुणाला कळत नाही. सगळ्यात मागे असलेल्यावर सगळ्यांचं अवलंबून असतं तिथे तो मागचा माणूस जीव लावतो. वजनाच्या चॅलेंजची मेख इथे आहे. कोण जमलंय याहून काय मोजायचं ठरलंय यावर पुढचं सगळं ठरतं, आणि आम्ही चुकीची गोष्ट मोजत होतो.

गटाचा फायदा नसतो असं मात्र नाही. अमेरिकेत विंग आणि जेफ्री यांनी १९९९ साली छापलेल्या अभ्यासात काही लोक एकटे आले होते, काही आपल्या मित्रमंडळींना घेऊन. मित्रांसकट आलेल्या आणि एकमेकांना सांभाळायला शिकवलेल्या गटातल्या ९५ टक्के लोकांनी चार महिन्यांचा कार्यक्रम पुरा केला, एकट्यांतल्या ७६ टक्क्यांनी. पुढच्या सहा महिन्यांत उतरलेलं वजन तसंच टिकवणारे मित्रवाल्यांत ६६ टक्के, एकट्यांत २४. माझ्या मते यातला दुसरा आकडा सोन्याचा आहे. वजन उतरवणं सोपं असतं, बापूंना विचारा.

पैशाचं काय? तिथल्याच २००८ सालच्या एका प्रयोगात लोकांनी स्वतःचे पैसे पणाला लावले होते. चार महिन्यांत त्यांचं सरासरी सहा किलोच्या वर वजन उतरलं, पैसे न लावणाऱ्यांचं दोन किलोच्या आतच. पण पैसे थांबल्यावर काही महिन्यांनी पाहिलं तर बरंचसं परत चढलेलं होतं. पैसा माणसाला काट्यापर्यंत आणतो, त्यापुढे त्याची जबाबदारी संपते.

आमच्या नव्वदाव्या दिवशी हेच दिसलं, जरा वाईट रीतीने. शेवटच्या दोन दिवसांत चुरस बापू आणि वरच्या गल्लीतला एक पोरगा यांच्यात होती. दोघांनी जेवण सोडलं. पोराने आदल्या दुपारपासून पाणीही बंद केलं आणि सकाळी स्वेटरवर जर्किन घालून पळत आला. काट्यावर उभा राहिला आणि पोत्यांवर बसूनच गेला. चेहरा पांढरा, हाताला मुंग्या. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, अर्ध्या तासाने सावरला. घामाने आणि तहानेने उतरवलेलं ते वजन पाणी प्यायल्याबरोबर परत आलं, पण त्या अवस्थेत रक्तदाब खाली जातो, क्षारांचं गणित बिघडतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडण्याच्या फंदात पडूच नये. सहा हजार बापूंना मिळाले. त्यांनी त्यातच सगळ्यांना जेवण घातलं आणि पंधरा दिवसांत तीन किलो परत कमावले.

एक वहिनी तर पाचव्या आठवड्यातच गप्प निघून गेल्या होत्या. दर रविवारी बारा जणांसमोर आकडा मोठ्याने वाचला जायचा. बायकांचं वजन पाळीच्या आधी पाणी धरल्याने किलोभर सहज वर जातं, हे त्या गर्दीत कोण कुणाला सांगणार?

काट्यावर माझा राग आणखी एका कारणाने आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी एकच होता, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, हा आपला भारतीय घाट. त्यातही ती पोटात, आतड्यांभोवती साठते आणि मधुमेहाला वाट करून देते. म्हणून आपल्याकडे कंबरेचा घेर जास्त खरं बोलतो. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही आपल्यासाठी सुचवलेली मर्यादा. त्यासाठी पोत्यांचा काटा लागत नाही, शिलाईच्या डब्यातली टेप पुरते. पोट आत न ओढता मोजायचं, एवढं पथ्य.

यंदा जानेवारीत दुसरी फेरी सुरू केली तेव्हा नियम बदलले. पैसे नाहीत, काटा नाही. घेर महिन्यातून एकदा, ज्याचा त्याने घरी मोजायचा. चार-चार जणांच्या तीन टोळ्या, कारण बारांत एक नसला तर चालतं, चारांत लगेच डोळ्यांत येतं. टोळ्या पाडताना अगदी तगडा आणि अगदी नवखा एकत्र येणार नाही हे बघितलं. कॅलेंडरवर फक्त दोन खुणा. आज अर्धा तास चाललो का, आणि रात्रीचं जेवण आठच्या आत झालं का. रोज दहा हजार पावलं असा आग्रह एकाने धरला होता. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला, हे सांगितल्यावर तो जरा नरमला. वयस्कर बायकांच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नव्हता.

आणि रविवारचा नियम असा: चहाचा थर्मास वर मंगळाईच्या देवळापाशी न्यायचा आणि टोळीतला शेवटचा माणूस पोचेपर्यंत त्याचं झाकण उघडायचं नाही.

आमच्या टोळीत शेवटच्या नेहमी काकी. वय ६१, गुडघे बोलके. पहिल्या रविवारी त्या आल्या तेव्हा चहा कोमट झाला होता आणि बापू घड्याळ बघत होते, तोंडाने काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या रविवारी काकी म्हणाल्या, "तुमी प्या की, मी येते दमानं." कुणी प्यायलं नाही. तिसऱ्या रविवारपासून त्या आमच्या आधी वीस मिनिटं घरून निघायला लागल्या, अंधारात, नातवाची बॅटरी घेऊन. बापूंना हे कळल्यावर तेही त्यांच्या सोबतीला लवकर निघायला लागले. त्यांचं वजन आज काट्यावर जवळजवळ पहिल्याइतकंच आहे, पण घेर १०१ वरून ९६ वर आलाय. मार्चमध्ये त्यांनी दोन पँटी शिंप्याकडे आत घ्यायला टाकल्या.

मागच्या रविवारी आम्ही मागचे दोघे धापा टाकत शेवटच्या वळणावर आलो, तर वरून काकींचा आवाज आला, "पाय उचला ओ मॅडम, च्या गार व्हतोय!"