आत्म-इजा (समलैंगिक व उभयलैंगिक स्त्रियांमधील)

जीव देण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून दुखापत करून घेण्याला आत्म-इजा म्हणतात. समलैंगिक (लेस्बियन) आणि उभयलैंगिक (बायसेक्शुअल) स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. या फरकाचे मूळ लैंगिक कलात नसून त्या कलामुळे वाट्याला येणाऱ्या वागणुकीत आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आत्म-इजा ही लक्ष वेधून घेण्यासाठी केली जाते, हा समज दृढ असला तरी बहुतेक जणी तिच्या खुणा कसोशीने लपवतात. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टिन यांनी २००४ मध्ये मांडल्याप्रमाणे तिची कार्ये वेगवेगळी असतात : असह्य भावनेचा जोर काही काळ ओसरणे, बधिरपणात काहीतरी जाणवणे, नकोशी परिस्थिती टाळणे किंवा शब्दांत न सांगता आलेले दुःख इतरांपर्यंत पोहोचवणे. मिळणारा आराम अल्पजीवी असतो आणि म्हणूनच कृती पुन्हा घडते. हेतू आत्महत्येचा नसला तरी पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, त्यामुळे तिला किरकोळ मानणे योग्य नाही.

ब्रिटनमध्ये समलैंगिकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या स्टोनवॉल या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहा हजारांहून अधिक समलैंगिक व उभयलैंगिक स्त्रियांनी भाग घेतला. त्यांतील सुमारे पाचांपैकी एकीने मागील वर्षभरात स्वतःला इजा केल्याचे सांगितले, आणि वीस वर्षांखालील मुलींत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. सहभागी स्त्रिया स्वेच्छेने पुढे आलेल्या असल्याने हे आकडे साऱ्या समूहाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. दिशा मात्र इतर अभ्यासांशी जुळणारी आहे. त्या वेळी विशीत असलेल्या स्त्रियांचे शालेय शिक्षण बव्हंशी ‘सेक्शन २८’ या तरतुदीच्या काळात झाले होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. १९८८ पासून इंग्लंड व वेल्समध्ये २००३ पर्यंत लागू असलेल्या या तरतुदीने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करण्यास मनाई केली होती, आणि तिच्या धाकाने अनेक शिक्षक या विषयावर मौन पाळत.

इलन मेयर यांनी २००३ मध्ये विस्ताराने मांडलेली ‘अल्पसंख्याक ताण’ (समाजाने कमी लेखलेल्या गटाच्या वाट्याला येणारा जादा ताण) ही संकल्पना या फरकाच्या स्पष्टीकरणासाठी सर्वाधिक वापरली जाते. टोमणे, मारहाण, घरातून हाकलले जाणे हे ताण बाहेरून येतात. नाकारले जाण्याची सततची धास्ती, स्वतःला लपवण्याचे कष्ट आणि समाजाचा तिरस्कार स्वतःविषयीच खरा मानू लागणे हे आतले ताण त्यांच्या जोडीने काम करतात. आत्म-इजेचा संबंध या आतल्या ताणांशी विशेष दिसतो, कारण जी गोष्ट कुणाला सांगताच येत नाही, तिच्यासाठी आधारही मागता येत नाही.

उभयलैंगिक स्त्रियांमध्ये प्रमाण बहुधा समलैंगिक स्त्रियांपेक्षाही जास्त आढळते. कुटुंब त्यांच्या आकर्षणाला तात्पुरते खूळ समजते, तर समलैंगिक वर्तुळातही त्यांच्याकडे कधी कधी अविश्वासाने पाहिले जाते. पुरुष जोडीदार असला की त्यांची ओळखच नजरेआड होते आणि त्यांना दोन्हीकडे परके वाटू शकते.

भारतात या ताणाला विवाहाच्या सक्तीची जोड मिळते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. पण स्त्रियांच्या बाबतीत खरा धाक पूर्वीपासून घरचाच होता. पळून गेलेल्या मुलींविरुद्ध आईवडिलांनी बेपत्ता वा अपहरणाची तक्रार नोंदवणे नेहमीचे आहे. मदुराईहून चेन्नईला आलेल्या अशाच दोन तरुणींच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी पोलिसांच्या छळापासून संरक्षणाचे आणि लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ उपचारांना बंदी घालण्याचे निर्देश दिले. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मुंबईतील ‘लेबिया’सारखे गट १९९० च्या दशकापासून समलैंगिक व उभयलैंगिक स्त्रियांना आधार देत आले आहेत.

आत्म-इजेच्या उपचारात मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेली द्वंद्वात्मक वर्तनोपचार पद्धती उपयुक्त ठरली आहे; तीत तीव्र भावना सोसण्याची व आवरण्याची कौशल्ये शिकवली जातात. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार धोक्याचे गुण मोजणाऱ्या तक्त्यांवरून उपचार ठरवू नयेत, तर व्यक्तीच्या परिस्थितीचे सविस्तर मूल्यमापन करावे. या स्त्रियांच्या बाबतीत त्यात घरच्या दडपणाची चौकशी यायला हवी, आणि रुग्णेच्या परवानगीशिवाय तिचा लैंगिक कल नातेवाइकांना कळवू नये, हे तितकेच आवश्यक आहे. भारतात तातडीच्या मदतीसाठी ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे.