अरबी शिकायला 112 आकार पाठ करावे लागत नाहीत

‘28 अक्षरं, प्रत्येकाची चार रूपं (सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं), म्हणजे 112 आकार’ हा हिशेब ऐकून अनेक जण पहिल्याच आठवड्यात वही मिटतात. हा हिशेब चुकीचा आहे.

अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ा आणि वाव ही सहा अक्षरं पुढच्या अक्षराला जोडलीच जात नाहीत. त्यांची रूपं दोनच, आणि तीही जवळजवळ सारखी. ‘दार’ (अरबीत घर) लिहा: दाल, अलिफ, रा, तिन्ही सुटी. ‘बाब’ (दरवाजा) लिहिताना बा अलिफला जोडला, की हात उचलायचा. शेवटचा बा एकटा. नवशिके इथेच रेघ पुढे ओढतात आणि अलिफचा लाम होतो.

उरलेल्या बहुतेक अक्षरांची पुढे जोडताना फक्त शेपूट गळते. शब्दाच्या सुरुवातीला बा, ता, सा, नून आणि या, अशा पाचही अक्षरांचा एकच छोटा दात उरतो. फरक नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा: बाला खाली एक, याला खाली दोन, नूनला वर एक, ताला वर दोन, साला वर तीन. आधी अख्खा सांगाडा उजवीकडून डावीकडे, मग नुक्ते. खरोखर रूप पालटतात ती ऐन, तिच्याच आकाराचं ग़ैन आणि हलका हा (अरबीतल्या दोन ‘ह’पैकी आपल्या ‘ह’सारखा). सराव त्यांचा करा.

तीन नुक्त्यांच्या या ‘सा’ला आपल्याकडे उर्दूत ‘से’ म्हणतात. अरबी उच्चार स नाही, थही नाही. थ म्हणताना जीभ हवा अडवते. इथे जिभेचं टोक दातांच्या फटीत ठेवून हवा वाहू द्यायची.