पिस्तुलाच्या मॅगझिनची विश्वासार्ह क्षमता

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरायची पेटी, पहिल्यापासून शेवटपर्यंत जितकी काडतुसे न अडखळता पुरवू शकते, ती त्याची विश्वासार्ह क्षमता. छापील आकडा आणि ही संख्या बहुधा सारखीच असते. मात्र मॅगझिनच्या तेवढ्याच नळीत एखादे जादा काडतूस कोंबण्यासाठी आतले भाग बदलले, की दोन्हींत अंतर पडू लागते.

मॅगझिनमध्ये नळी, स्प्रिंग, काडतुसांना खालून रेटणारा फॉलोअर, तळपट्टी आणि वरचे काडतूस धरून ठेवणाऱ्या दोन कडा असतात. या कडांना फीड लिप्स म्हणतात. गोळी सुटल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे जाऊन परत येते. तेवढ्या निमिषात स्प्रिंगने सगळी चळत उचलून पुढचे काडतूस जागेवर आणायचे असते. भरलेल्या मॅगझिनमध्ये दाब सर्वाधिक असतो. तो प्रमाणाबाहेर गेला, तर काडतूस ओढून काढतानाच स्लाइड मंदावते आणि पूर्ण बंद होत नाही. शेवटच्या दोन-तीन काडतुसांना उलट घडते: स्प्रिंग सैलावलेली असते, काडतूस उशिरा वर येते आणि स्लाइड त्याच्यावरून निघून जाते किंवा त्याच्या मधोमध आदळते. म्हणूनच अडकाठी कितव्या काडतुसाला आली, हे टिपून ठेवण्याइतका उपयोगी पुरावा दुसरा नाही.

.45 एसीपी जातीच्या काडतुसांच्या एम1911 पिस्तुलाचे मूळ मॅगझिन 7 काडतुसांचे. त्याच लांबीत 8 बसवायची तर फॉलोअर आखूड करावा लागतो किंवा स्प्रिंगची जागा कमी करावी लागते. आखूड फॉलोअर कलंडतो, अतिदाबाने स्प्रिंग लवकर ढिली पडते. नळी थोडी लांब करून 8 बसवणारी मॅगझिन त्यामानाने भरवशाची. तळपट्टीच्या जागी विस्तारक लावून 2 काडतुसे वाढवतानाही जोडीची लांब स्प्रिंग बसवणे आवश्यक आहे. जुन्याच स्प्रिंगवर भागवले की शेवटची काडतुसे दगा देतात.

1935 साली आलेल्या ब्राउनिंग हाय-पॉवरने 9 मिमीची 13 काडतुसे दुहेरी रांगेत बसवली. अशा मॅगझिनमध्ये दोन रांगा वर एक होतात आणि तिथे घर्षण वाढते. वाळू, धूळ वा नळीला पडलेला पोचा त्या जागी लगेच नडतो. आत तेल घालणे टाळावे, कारण त्याला धूळ चिकटते.

मॅगझिन पूर्ण भरून, ते पिस्तुलाबाहेर असताना, वरचे काडतूस अंगठ्याने दाबून पाहावे. ते साधारण 2-3 मिमी खाली जायला हवे. अजिबात हलत नसेल, तर बंद स्लाइडखाली मॅगझिन खटक्यात नीट अडकत नाही. अडकल्यासारखे वाटते आणि पहिल्याच गोळीला घसरते. असे मॅगझिन 15 चे असले तरी 14 च भरावीत. चेंबरमधले, म्हणजे झाडायला तयार असलेले काडतूस जिथे बसते त्या जागेतले, एक धरून संख्या तेवढीच राहते, आणि हा सौदा नेहमीच फायद्याचा आहे.

प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालून, प्रत्यक्ष वापरायचीच काडतुसे घेऊन, मान्यताप्राप्त रेंजवर ते अनेकदा पूर्ण भरून रिकामे करावे. एकाच क्रमांकाला खोट दिसली तर आधी स्प्रिंग बदलावी, मग फीड लिप्स फाकल्या आहेत का ते पाहावे. फाकलेल्या कडांतून दोन काडतुसे एकदम सुटतात. कडा पक्कडीने वाकवून सरळ करण्यापेक्षा ते मॅगझिन बाद केलेले बरे. सगळ्याच मॅगझिनमध्ये अडकत असेल, तर दोष पिस्तुलात किंवा काडतुसात शोधावा. चांगली स्प्रिंग भरून ठेवल्याने फारशी झिजत नाही. वारंवार भरण्या-रिकामे करण्याने झिजते.

.22 एलआर या छोट्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे ठेवावी लागते. मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि क्षमता कितीही असो, पुरवठा तिथेच थांबतो.